सव्वादोन ते पावणेचार

रुवीच्या आवारात शुक्रवारी
आमच्या आधी तेलुगू मंडळी, आमच्या नंतर फिलिपिनो.
मराठीला सव्वादोन ते पावणेचार.
त्यातली पाच मिनिटं खुर्च्या फिरवण्यात जातात,
कारण ते गोल बसतात आणि आम्ही रांगेत.

शांतवनकाका उबाळे, हुद्दा स्टोअरकीपर.
एकवीस वर्षं त्यांनी उपासना चालवली
पोती मोजून द्यावीत तशी, एकही कमी नाही.
जूनमध्ये व्हिसा संपतो. राहुरीला जाणार, कायमचे.
म्हणाले, "योएल, आता तू."

मी लिफ्टचा मेकॅनिक.
अंधाऱ्या शाफ्टमध्ये पेटीच्या टपावर बसतो.
खाली माणसं असतात, त्यांना मी दिसत नाही.
बोलायचं ते ओरडून: थांब! सोड! वर घे!
त्याच आवाजात पहिल्या शुक्रवारी म्हणालो,
"आपण प्रार्थना करू या,"
आणि पगाऱ्यांचं तान्हं दचकून रडलं.

मग दर गुरुवारी रात्री गोदामात शिकवणी.
नटबोल्टच्या खोक्यावर वही, काकांचा चष्मा कपाळावर.
"माईक म्हणजे हातोडी नाही.
शास्त्रपाठ आधी तीनदा वाच, मोठ्यानं.
मफीबोशेथपाशी अडखळलास
तर लोक फक्त मफीबोशेथ घेऊन खोलीवर जातील.
देवाला बातम्या सांगत बसू नकोस, त्याला ठाऊक असतात.
कुणाचा पगार थकलाय ते नाव घेऊन बोलू नकोस,
त्याचा फोरमन तिसऱ्या रांगेत बसतो."

"आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या शेवटी
गप्प राहायचं."
किती वेळ?
"असह्य होईल तोवर. मग आणखी थोडं."

मी मनात आकडे मोजले.
चारला आमेन म्हणून मोकळा झालो.
काका काहीच बोलले नाहीत.
चहा पिताना समोशाच्या कागदावर
पेन्सिलीनं लिहून माझ्याकडे सरकवलं: ४.
पुढच्या शुक्रवारी: ६. त्याच्या पुढच्या: ५, खाली रेघ.

मे महिन्यात, बाहेर सेहेचाळीस,
त्याच जागी, डोळे मिटलेले असताना,
एसी बंद पडला.
तेव्हा कळलं, आजवर आम्ही ज्याला शांतता म्हणत होतो
ती एसीची घरघर होती.

माझे हात शिवशिवले. फ्यूज कुठं ते मला माहीत,
दोन मिनिटांचं काम.
सात. आठ.
कुणाचा तरी घाम वहीच्या पानावर पडल्याचा आवाज.
अकरा.
दुसऱ्या रांगेत सुवार्ता वाघचौरे.
अल खुवैरला एका घरात काम करते, पंधरा दिवसांतून एकदा सुटी.
आई गेली तेव्हा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता.
तिनं कपाळ समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवलं
आणि त्या खुर्चीचा लोखंडी पाय
फरशीवर बारीक वाजू लागला.

मी पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं.

लिफ्ट मजल्याला लागून थांबावी लागते.
दोन बोटं वर थांबली तर म्हातारी माणसं ठेचकाळतात.
दार उघडण्याची घाई करायची नसते,
तळ फरशीला मिळालाय का ते आधी बघायचं.

खुर्चीचा पाय थांबला.
मी अजून थोडा थांबलो.
आमेन म्हणालो, पेटीतल्या माणसांना ऐकू जाईल इतकंच.

काका शेवटच्या रांगेत होते,
जिथं ते कधी बसले नव्हते.
डोळे मिटलेले. झोपले होते की काय, देव जाणे.
कागद मिळाला नाही त्या दिवशी.

घड्याळात तीन पन्नास.
दारात फिलिपिनो मंडळींची एक मुलगी,
पाठीवर गिटार.
ती आत आली नव्हती.
आपटणाऱ्या दाराची स्प्रिंग
हातानं धरून उभी होती, कधीपासून कोण जाणे,
मनगट लाल होईतो.